कळकलेली काडतुसं

ऑरेगॉनच्या किनाऱ्यालगतच्या डोंगरातला पाऊस कोकणासारखा कोसळत नाही, नुसता झिरपत राहतो. ब्लॅकटेल हरणांच्या शिकारीच्या मोसमात तिसऱ्या दिवशी बंदुकीचा चाप ओढला, तर फक्त 'टक्'. बार उशिरा उडू शकतो, म्हणून नळी उताराकडेच रोखून मनात ३० पर्यंत मोजलं आणि मग काडतूस काढलं.

घरी दिव्याखाली पाहिलं. पितळेवर हिरवट कळंक, बिनकल्हईच्या भांड्यात ताक राहिल्यावर येतो तसा. दोष पावसाचा वाटला होता, पण निम्मा माझाच निघाला. काडतुसं चामड्याच्या पट्ट्यात महिनोन् महिने खोचलेली. कमावलेल्या चामड्यातली आम्लं ओल धरून पितळ खातात. वर गंज नको म्हणून मी झिरपणारं तेल फवारलं होतं! ते प्राइमरच्या (काडतुसाच्या बुडाशी असलेल्या, ठिणगी पाडणाऱ्या टोपीच्या) कडेने आत शिरून बारच निकामी करू शकतं.

आता काडतुसं घरी भरताना प्राइमरच्या कडेला सीलंटचा बारीक थेंब फिरवतो, जास्तीचं लगेच पुसतो. साठवण रबरी गॅस्केटच्या लोखंडी डब्यात, सोबत ओल शोषणारं सिलिका जेल. त्याचे दाणे रंग बदलले की ओव्हनमध्ये मंद आचेवर सुकवतो. (बायकोने त्यासाठी जुना ट्रे वेगळा काढून दिलाय, बजावून.) आणि गाडीत गारठलेला डबा घरात आणला की रात्रभर बंदच ठेवतो, नाहीतर फ्रिजमधल्या बाटलीसारखं काडतुसांवर दव धरतं.

कळकलेली अकरा नेमबाजीच्या रेंजवाल्यांकडे नष्ट करायला दिली. घासूनपुसून वापरायचा मोह झाला होता, खरं सांगतो.