व्रण नको, नोंद दाखवा
वडिलांच्या पोटरीतला १९७१चा छर्रा अजून हाताला लागतो, पण पराक्रम पदक, म्हणजे पूर्वीचं वुंड मेडल, मिळालंच नाही? व्रण दाखवून भागत नाही. शत्रूच्या कारवाईत जखम झाल्याची नोंद लागते. आधी ट्रंकेतलं डिस्चार्ज बुक, म्हणजे फौज सोडताना मिळालेलं सेवेच्या नोंदींचं पुस्तक, काढा. फिकट शाईतली एखादी ओळ, लष्करी इस्पितळाचं नाव, दाखल झाल्याची तारीख, एवढा धागाही खूप झाला. मग त्यांच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला, अर्ज करून जखमेचा अहवाल आणि मेडिकल बोर्डाचे कागद मागा. तोफखान्याचं ऑफिस नाशिकरोड कॅम्पातच आहे, मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला. दाद लागली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. उत्तराची मुदत ३० दिवस. मसुदा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दाखवून घ्या. मूळ डिस्चार्ज बुक मात्र कुणाच्या हाती देऊ नका, झेरॉक्सच द्या. युद्धजखमेची पेन्शन ही वेगळी मागणी, ती याच अर्जात कोंबू नका.