मिश्रण, द्रावण, शुद्ध पदार्थ: या चुका टाळा

आठवीचे पेपर तपासायला घेतले की दरवर्षी त्याच चुका समोर येतात. मुलं हुशार आहेत, पण व्याख्या पाठ झाली की धडा संपला असं समजतात.

सगळ्यात जास्त गुण जातात ते दिसण्यावरून पदार्थ ओळखण्यात. एकजीव दिसलं की ‘द्रावण’ लिहून मोकळे! कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीची धार समोर काढून देतात, त्या दुधावरून एकदा वर्गात चांगलीच जुंपली. ‘‘सर, पाण्याचा थेंब घातलेला नाही, मग ते मिश्रण कसं?’’ एक मुलगी काही केल्या हटेना. शेवटी खिडक्या लावून घेतल्या. एका पेल्यात मिठाचं पाणी, दुसऱ्यात साध्या पाण्यात दुधाचे दोन-तीन थेंब. पुठ्ठ्याला भोक पाडून त्यातून बॅटरीचा झोत सोडला. मिठाच्या पाण्यातून उजेड पार गेला, पण त्याची वाट दिसली नाही. दुधाच्या पाण्यात मात्र पांढुरका पट्टा लख्ख उमटला. स्निग्धांश आणि प्रथिनांचे कण उजेड विखुरतात, म्हणून दूध हे कलिल, म्हणजे न विरघळता तरंगत राहणाऱ्या बारीक कणांचं मिश्रण. निर्भेळ असलं तरी मिश्रणच.

‘‘मग गूळ?’’ तोही मिश्रणच. गुऱ्हाळात भेंडीचा चिकट रस घालून काहिलीतली मळी कितीही नीट काढली, तरी सुक्रोजबरोबर ग्लुकोज, फ्रुक्टोज, क्षार आणि थोडं पाणी गुळात राहतंच.

पाणी हे हायड्रोजन-ऑक्सिजनचं मिश्रण नव्हे, संयुग आहे. वजनाने १:८ हे प्रमाण कधी बदलत नाही. पितळ मूलद्रव्य नाही, तांबं आणि जस्ताचं समांगी, म्हणजे सगळीकडे सारखं असलेलं मिश्रण आहे. विरघळलेलं मीठ गाळणकागदावर कधीच सापडणार नाही, कितीही वेळा गाळा.

१०० ग्रॅम पाण्यात २० ग्रॅम मीठ म्हणजे २० टक्के द्रावण, हे तर निम्मा वर्ग लिहितो. भागायचं द्रावणाच्या वजनाने. २० भागिले १२०, म्हणजे १६.६७ टक्के. मी मुलांना आधी ‘एकूण द्रावण’ लिहून त्याला चौकोन करायला लावतो, मगच गणित.

आणि मोरचुदाचे, म्हणजे कॉपर सल्फेटचे स्फटिक. प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी काम काढायचं आणि बाष्पनपात्र कोरडं होईपर्यंत जाळावर ठेवायचं, हा प्रकार मला अजिबात खपत नाही. स्फटिकातलं पाणी उडून जातं आणि निळ्याऐवजी पांढरी भुकटी हाती येते. ती फेकू नका, गार झाल्यावर थेंबभर पाणी टाका, पुन्हा निळी होते. पण स्फटिक हवेत तर गरम संपृक्त (आणखी मोरचूद विरघळणार नाही असं) द्रावण गाळून, कागदाने झाकून दोन-चार दिवस न हलवता ठेवावंच लागतं. मोरचूद विषारी आहे, त्यामुळे घरातली भांडी वापरू नका आणि हात साबणाने धुवा.