वही घ्या, रिमोट घ्या: टीव्हीचं बिल कमी कसं करायचं, एका केबलवाल्याकडून

विट्यात मी 1997 पासून केबल चालवतो. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पावती पुस्तक घेऊन कलेक्शनला फिरतो, आणि गेली काही वर्षं निम्म्या दारांत एकच वाक्य ऐकतो: "दादा, केबल बंद करा, पोरं सगळं मोबाईलवरच बघतात." 2018 मध्ये माझी 640 कनेक्शनं होती, आज 315 उरलीत. ज्यांनी बंद केलं त्यांतल्या बऱ्याच जणांनी बिल न वाचता, रागात बंद केलं. नंतर त्यांच्याच घरी फायबरची लाइन जोडायला गेलो की कळतं, आता ते पूर्वीपेक्षा जास्त पैसे भरतायत, आणि आजीची मालिका मात्र लागत नाही. म्हणून हे लिहितो. यानं माझे महिन्याला थोडे पैसे कमी होतील. होऊ देत.

आधी बिल समजून घ्या. बिलात तीनच गोष्टी असतात. पहिली, नेटवर्क कॅपॅसिटी फी, म्हणजे बॉक्स चालू ठेवण्याचं भाडं. फेब्रुवारी 2019 पासून ट्रायच्या, म्हणजे फोन आणि टीव्ही सेवांचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, नियमानं 100 चॅनलला जास्तीत जास्त 130 रुपये, जीएसटी धरून 153.40. पुढच्या वर्षी त्याच 130 मध्ये 200 चॅनल द्यायचे ठरले. जुलै 2024 मध्ये ट्रायनं ही वरची मर्यादाच काढून टाकली. आता हा आकडा केबल कंपनी स्वतः ठरवते, म्हणून तुमच्या बिलात तो किती लावलाय ते आधी विचारा. दुसरी गोष्ट पे चॅनलचे पैसे. तिसरी, या दोन्हींवर 18 टक्के जीएसटी.

भाड्यात तुमचा हात चालत नाही. करात तर नाहीच. वाचवायचं ते सगळं मधल्या आकड्यात.

तो मधला आकडा वाढत का जातो? जो चॅनल 19 रुपयांपेक्षा महाग असेल, तो ब्रॉडकास्टरला, म्हणजे चॅनल चालवणाऱ्या कंपनीला, आपल्या बुकेत, म्हणजे एकत्र विकायच्या गठ्ठ्यात, घालता येत नाही. म्हणून मोठमोठे चॅनल बरोबर 19 वर येऊन बसले. 2020 मध्ये ट्रायनं ही रेषा 12 वर आणली, तेव्हा ब्रॉडकास्टर मुंबई उच्च न्यायालयात गेले. वाद चालला, आणि नोव्हेंबर 2022 मध्ये रेषा परत 19 वर गेली. फेब्रुवारी 2023 मध्ये नवे दर लागू झाले. ज्या केबल कंपन्यांनी नव्या करारावर सही केली नाही, त्यांचे सिग्नल मोठ्या ब्रॉडकास्टरांनी काही दिवस बंद केले. त्या दिवसांत माझा फोन पहाटेपासून वाजायचा. गिऱ्हाईकाला ट्राय दिसत नाही, ब्रॉडकास्टर दिसत नाही, केबलवाला दिसतो. चिडणाऱ्यांचं चुकत नव्हतं. पैसे भरूनही स्क्रीन काळी होती.

आता कामाला लागू. एक वही टीव्हीजवळ ठेवा. आठ दिवस घरातल्या प्रत्येकानं जो चॅनल पंधरा मिनिटांहून जास्त बघितला त्याचं नाव लिहायचं. "कधीतरी लागतो" असे चॅनल लिहायचे नाहीत. मी हे 60 घरांत करून घेतलं. 200 हून जास्त चॅनल येत असलेल्या घरात वहीत नावं निघाली सात ते अकरा. त्यातली तीन-चार बातम्यांची, आणि मराठी बातम्यांचे बहुतेक चॅनल फ्री टू एअर असतात, त्यांना वेगळे पैसे पडत नाहीत. सह्याद्री आणि दूरदर्शनचे बाकीचे चॅनलही फुकटच.

नवव्या दिवशी रिमोटवर 999 दाबा. तिथे ग्राहक माहितीचा चॅनल असतो, दर दिसतात. नाही दिसले तर केबल कंपनीच्या अॅपवर किंवा वेबसाइटवर मिळतात. वहीतल्या प्रत्येक पे चॅनलपुढे त्याचा दर लिहा.

आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंचं उदाहरण सांगतो. बिल यायचं 354 रुपये. वहीत पे चॅनल निघाले चार: तीन 19 चे, एक 12 चा. झाले 69. त्यात भाडं 130, म्हणजे 199. जीएसटी 35.82. एकूण 234.82. महिन्याला 119 रुपये, वर्षाला चौदाशेच्या वर. बाई म्हणाल्या, "एवढी वर्षं मी कुणाचे चॅनल पोसत होते?" या प्रश्नाला माझ्याकडे खरं उत्तर होतं, आणि ते मी त्यांना दिलं. ब्रॉडकास्टरला आपला चॅनल जास्तीत जास्त घरांत दिसायला हवा असतो, कारण जाहिरातीचा भाव त्यावर ठरतो. म्हणून एका चालणाऱ्या चॅनलच्या शेपटीला न चालणारे आठ बांधतात.

पण सुटे चॅनलच स्वस्त, असं समजून डोळे झाकून गठ्ठा सोडू नका. ब्रॉडकास्टरला बुकेवर 45 टक्क्यांपर्यंत सूट देता येते. तुमच्या वहीत एकाच ब्रॉडकास्टरचे दोन मोठे चॅनल असतील तर बुके स्वस्त पडू शकतो; एकच असेल तर बहुधा सुटा घेतलेला बरा. दोन्ही बेरजा वहीत शेजारी शेजारी करा. पाच मिनिटं लागतात.

एचडीकडे नीट बघा. दोन वेगळ्या बुकेंमधून एकाच चॅनलचा एसडी (साध्या चित्राचा) आणि एचडी (जास्त स्पष्ट चित्राचा) दोन्ही घरात आलेले मी कितीदा पाहिलेत. पैसे दोन्हींचे जातात. आणि टीव्ही जुना, जाड पाठीचा असेल तर एचडीचा पैसा वाया.

मोबाईलवर सगळं मिळतं, मग केबल कशाला? प्रश्न रास्त आहे. 2022 च्या लिलावात आयपीएलच्या पाच हंगामांचे भारतातले टीव्हीचे हक्क 23,575 कोटींना गेले आणि डिजिटलचे 23,758 कोटींना. सामने तेच, पण डिजिटलचा भाव टीव्हीच्या वर. 2023 मध्ये मोबाईलवर आयपीएल फुकट दाखवली, तेव्हा टीव्हीवर त्याच सामन्यांसाठी माझं गिऱ्हाईक स्पोर्ट्स चॅनलचे पैसे भरत होतं. त्या एप्रिलमध्ये माझे 40 स्पोर्ट्स पॅक गेले. डिशचंही तेच: देशात पैसे भरणारी डीटीएच कनेक्शनं 2020 च्या अखेरीस 7 कोटींच्या घरात होती, मार्च 2025 ला ती 5.7 कोटींवर आली. गिऱ्हाईक जातं म्हणून दर वाढवायचे, दर वाढले म्हणून आणखी गिऱ्हाईक जायचं, या फेऱ्यात आमचा सगळा धंदा अडकलाय.

तरीही हिशोब तुमच्या घरापुरता करा. इंटरनेट मुलांच्या अभ्यासासाठी किंवा कामासाठी आधीच असेल तर त्याचे पैसे टीव्हीच्या खात्यात धरू नका. मग ओटीटी, म्हणजे इंटरनेटवर मालिका-सिनेमे दाखवणारं अॅप, स्वस्त पडेल. पण फक्त टीव्हीसाठी 400 रुपयांचं ब्रॉडबँड घेणार असाल तर जीएसटीसकट 472 झाले, त्यावर ओटीटीचे वेगळे. मोबाईलच्या बऱ्याच रिचार्जमध्ये एखादं ओटीटी आधीच येतं. ते न बघता वर्षाचं वेगळं घेतलेली घरं माझ्या माहितीत आहेत. आणि घरात सत्तरीच्या पुढचं कुणी असेल तर आधी त्यांना विचारा. रिमोटवर तीन आकडे दाबले की चॅनल लागतो, हे त्यांचं स्वातंत्र्य आहे. अॅप उघडून द्यायला नातवाची वाट बघायला लावणं मला पटत नाही.

शेतातल्या घरी किंवा गड्याच्या खोलीवर टीव्ही हवा असेल तर दूरदर्शनची फ्री डिश बसवा. छत्री आणि बॉक्सचा एकदाच खर्च, महिन्याचं काही नाही. हे केबलवाल्यानं सांगू नये असं माझे भाऊबंद म्हणतात. मी सांगतो.

आमच्या भागात आणखी एक गोष्ट आहे. खानापूर तालुक्यातली कितीतरी घरं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यामुळे देशभर पसरलीत. घर कुलूपबंद, माणसं जत्रेला नाहीतर दिवाळीला येतात, आणि पॅक वर्षभर चालूच. घर महिनाभर किंवा जास्त बंद राहणार असेल तर जायच्या पंधरा दिवस आधी तात्पुरती सेवा थांबवायला सांगा. परत चालू करताना किती पैसे घेणार तेही तेव्हाच विचारून ठेवा.

शेवटचं काम म्हणजे केबलवाल्याला कळवणं. तोंडी सांगू नका. माझ्याकडेही कलेक्शनच्या गडबडीत चार जणांचं तोंडी सांगणं राहून गेलंय आणि त्यांना जुनंच बिल लागलं. ते पैसे मी परत केले. व्हॉट्सअॅपवर असं लिहा: "माझा बॉक्स नंबर अमुक. पुढच्या रिचार्जपासून चालू असलेले सगळे पे पॅक काढा आणि फक्त हे चॅनल लावा." खाली वहीतल्या नावांची यादी, प्रत्येकापुढे दर, आणि तुम्ही काढलेली बेरीज. बेरीज लिहिलेली असली की कुणी वरून काही घालत नाही. रिचार्जच्या दुसऱ्या दिवशी सकाळी यादीतला प्रत्येक चॅनल लावून बघा, आणि पावतीवरचा आकडा वहीशी जुळतो का ते ताडून घ्या.