दवाखान्यासाठी सॉफ्टवेअर निवडताना डेमो बंद केले, मग गाडी पुढे सरकली

रुग्णनोंदींसाठी ओपन सोर्स, म्हणजे मूळ कोड सगळ्यांना खुला असलेलं, सॉफ्टवेअर घ्यायचं, एवढंच त्या दवाखान्यात ठरलं होतं. अशी दोन सॉफ्टवेअर समोर होती: डॉक्टरांचा कल ओपनईएमआरकडे, संगणक सांभाळणाऱ्याचा ओपनएमआरएसकडे, आणि वाद कुठली स्क्रीन देखणी यावर अडलेला.

मी डेमो थांबवायला लावले. मधुमेहाचा एक काल्पनिक रुग्ण तयार केला. नोंदणी, तपासणी, लॅब, औषधं, बिल, फेरतपासणी असा त्याचा सगळा प्रवास दोन्हीकडे करून पाहिला. नोंदणी रिसेप्शनवरच्या ताईंनीच करायची, आम्ही फक्त बघायचं. (सगळ्यात नेमके प्रश्न त्यांचेच होते.)

ओपनईएमआरमध्ये अपॉइंटमेंट आणि बिलिंग तयार मिळतं, पण बिलिंगचा साचा अमेरिकी विम्याच्या पद्धतीचा. ओपनएमआरएसचा कणा म्हणजे कन्सेप्ट डिक्शनरी. प्रत्येक निदान, चाचणी आणि प्रश्न आधी तिथे बसवावा लागतो. ताकद तीच, डोकेदुखीही तीच. लॅब आणि हिशेब एकत्र हवे असतील तर बाह्मनी हे तिसरं सॉफ्टवेअर पाहावं. त्यात ओपनएमआरएसला लॅबसाठी ओपनईएलआयएस आणि हिशेबासाठी ओडू जोडलेलं असतं.

मग दुसऱ्या, कोऱ्या संगणकावर बॅकअपमधून ओपनईएमआर उभं करायला सांगितलं. डेटाबेस आला, स्कॅन केलेले रिपोर्ट आले नाहीत. ते डेटाबेसबाहेर वेगळ्या फोल्डरमध्ये होते आणि बॅकअप फक्त डेटाबेसचा होता. फोल्डर त्यात घेतल्यावर सगळं परत आलं.

लायसन्स फुकट असलं तरी सर्व्हर, प्रशिक्षण, अपडेट यांना पैसे लागतातच. तो आकडा कागदावर आल्यावर त्यांनी ओपनईएमआर घेतलं, विम्याचे रकाने लपवून.