रंगकामाचे दिवस कसे मोजायचे

"किती दिवस लागतील?" हा गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न असतो. नाशिकला 18 वर्षं रंगकाम करतोय, पण भिंतीला हात लावल्याशिवाय मी दिवस सांगत नाही.

आधी टेप लावायचा. 10 बाय 12 ची खोली, उंची 10 फूट धरा. चारही भिंती मिळून 44 फूट, म्हणजे 440 चौरस फूट. दार-खिडकीचे चाळीसेक वजा करा, छताचे 120 मिळवा. झाले 520.

मग पत्र्याने तीन-चार ठिकाणी खरवडून बघायचं. जुना डिस्टेंपर भुकटी होऊन हाताला लागला, तर तो सगळा काढावा लागणार. आणि कपाटं सरकवायला लावायचीच. एका दिवाळीला मी ते केलं नाही. 5 दिवस सांगितले, आणि कपाटामागे बाथरूमच्या ओलीने भिंतभर पोपडे निघाले. काम 9 दिवस चाललं. त्या घरचं लक्ष्मीपूजन पुट्टीच्या धुळीत झालं, ते अजून मनाला लागतं. ओल दिसली की आधी प्लंबर, भिंत सुकली की आपण.

आता हजेऱ्या. एक हजेरी म्हणजे एका माणसाचं एका दिवसाचं काम. अशा खोलीला माझ्याकडे खरवडायला 1, पुट्टीच्या दोन हातांना 2, पॉलिश पेपर मारायला 1, प्रायमरला अर्धी आणि रंगाच्या दोन हातांना दीड हजेरी लागते. एकूण 6. यात रंग फक्त दीड आहे, पण लोक तेवढंच काम मोजतात. दार, चौकट आणि ग्रिलचा ऑइल पेंट वेगळा धरायचा. त्याचा एक हात रात्रभर सुकू द्यावा लागतो.

6 हजेऱ्या म्हणून 3 माणसं लावली तर 2 दिवसांत काम होईल, असं नाही. पुट्टीचा पहिला हात सुकल्याशिवाय दुसरा देता येत नाही, ओल्या पुट्टीवर पेपर चालत नाही. एका खोलीला 2 माणसं आणि 4 दिवस, हा माझा हिशेब. पूर्ण फ्लॅट असेल तर बरं पडतं, एक खोली सुकेपर्यंत माणसं दुसरीत जातात.

घरात माणसं राहत असतील तर सामान हलवायला आणि झाकायला रोजचा तासभर जातो. पावसाळ्यात मी खोलीमागे एक दिवस वाढवतो आणि तो का वाढवला, ते गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी सांगतो.