ऑर्किडचं पान सुरकुतलं? पाणी घालण्याआधी मुळं बघा

आमच्या गोव्यातल्या फोंड्याकडे जुलैत पाऊस एकदा लागला की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. अशाच दिवसांत वाड्यावरची वहिनी फॅलेनॉप्सिस जातीच्या ऑर्किडची कुंडी घेऊन आली. पानं सुरकुतलेली, खाली लोंबलेली. "रोज पाणी घालते गो, तरी सुकतंच आहे." कुंडी हातात घेतली तर जड. रोप अलगद उपसलं आणि एक मूळ दोन बोटांत धरून ओढलं. वरची साल मोज्यासारखी निघून आली, आत राहिला नुसता दोरा. धड मुळं मोजून तीन उरली होती.

घरच्या ऑर्किडमध्ये सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. पान सुरकुतलं म्हणजे पानापर्यंत पाणी पोचत नाही, एवढंच कळतं. कुंडीत पाणी नाही, असं त्यातून कळत नाही. मुळं तहानलेली असली तरी पान सुरकुततं, कुजलेली असली तरीही. वरून बघून फरक सांगता येत नाही. तहानलेलं मूळ रुपेरी-पांढरं असतं, दाबलं तर टणक लागतं आणि पाणी शिंपडलं की थोड्याच वेळात हिरवं होतं. कुजलेलं तपकिरी, बुळबुळीत, दाबताच पाणी सोडणारं. या मुळांभोवती स्पंजासारखं आवरण असतं. ते पाणी झटकन शोषतं, पण नंतर त्याला वारा हवा असतो. सत्तरीच्या रानात सीतेची वेणी (रानातलं ऑर्किड) झाडाच्या खोडाला धरून पावसात चिंब भिजते, तरी कुजत नाही, कारण तिची मुळं उघड्यावर असतात. (ती तिथेच राहू द्या, रानातून ओरबाडून आणू नका.)

कुजलेली मुळं कापून टाका. कात्री आधी ज्योतीवर तापवून थंड करा, नाहीतर एका रोपाचा रोग दुसऱ्याला लागेल. टणक मुळांना हात लावू नका. दालचिनीची पूड पानाच्या कापावर चालते, पण मुळांवर टाकू नका. ती चांगली मुळंही सुकवते. नवीन कुंडीत बसवल्यावर दोन-तीन दिवस पाणी नको, कडक ऊन नको आणि खत तर नकोच.

आता सोडणाबद्दल, म्हणजे नारळाच्या तंतुमय सालीबद्दल. आपल्याकडे माड दारातच, त्यामुळे प्रत्येक जण ऑर्किड सोडणात लावतो. उन्हाळ्यात ते छान चालतं. पावसात मात्र ते दिवसेंदिवस ओलं राहतं आणि एक-दोन वर्षांत भुसभुशीत होऊन मुळांना हवा लागू देत नाही. माझं मत स्पष्ट आहे: निम्म्याहून जास्त कोळसा आणि कौलाचे तुकडे घाला, सोडण थोडंच. तेही काही दिवस पाणी बदलत भिजवून घ्या, म्हणजे त्यातला तुरट अंश आणि क्षार उतरतो.

डाग दिसला की लगेच औषध फवारू नका. आधी पेनाने डागाच्या कडेवर रेघ मारा आणि दुसऱ्या दिवशी बघा. पाऊस संपल्यावर रोप एकदम बाल्कांवातल्या (घरापुढच्या ओट्यावरच्या) उन्हात ठेवलं तर पान भाजतं: पांढरट, मग तपकिरी, कोरडा डाग पडतो आणि तो रेघेच्या आत राहतो. हे पान कापायचं कारण नाही, रोप सावलीत सरकवा. डाग पाणचट असेल, भोवती पिवळी कड असेल, रेघ ओलांडून गेला असेल, वास येत असेल, तर जिवाणूंची कूज आहे. तेव्हा वाट बघू नका. डागाच्या बरंच खाली, निरोग्या भागातून पान कापा, कुंडी बाकीच्यांपासून दूर ठेवा आणि पानांवर पाणी उडू देऊ नका. फॅलेनॉप्सिसच्या पोंग्यात, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांच्या बेचक्यात, पाणी साचून राहिलं तर रोप मधूनच कुजतं. कागदी रुमालाचं टोक बुडवून ते टिपून घ्या.

सगळ्यात खालचं एकच पान पिवळं पडत असेल तर काळजी नको, ते म्हातारं झालंय. डेंड्रोबियम या जातीच्या काही ऑर्किडची पानं थंडीत गळतात. दांडे हिरवे आणि टणक असतील तर पाणी वाढवू नका. कुंडीवर मुंग्यांची रांग दिसली तर पानाची खालची बाजू आणि देठाची बगल बघा. तिथे पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड बसलेली असते. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसा, आठवड्याने पुन्हा पुसा. मुळांची टोकं काळी आणि कुंडीच्या काठावर पांढरा थर, तर खत जास्त झालंय. साध्या पाण्याने भरपूर धुऊन काढा. पुढे खत पाकिटावरच्या मापाच्या चौथ्या हिश्शाने, तेही मुळं ओली असतानाच द्या.

वहिनीच्या रोपाला चवथीच्या सुमारास खालच्या पानाच्या बगलेतून नव्या मुळाचं हिरवं टोक फुटलं. जुनी पानं अजून सुरकुतलेलीच आहेत, ती तशीच राहतील. आता वहिनी तांब्या हातात घेण्याआधी कुंडी उचलून वजन बघते.