ड्युसबर्ग बघायचं कसं, चिपळूणकरांसाठी

आपल्याकडे दाभोळच्या खाडीतून गलबतं वर गोवळकोटपर्यंत यायची ना, तेच डोक्यात ठेवा आणि मग जर्मनीतल्या ड्युसबर्गला जा, कारण हे बंदर समुद्रापासून दोनशेहून जास्त किलोमीटर आत आहे, ऱ्हाईन आणि रुर नद्यांच्या संगमावर, आणि तरीही नदीवरचं जगातलं सगळ्यात मोठं बंदर म्हणून ओळखलं जातं.

सुरुवात रुरोर्टपासूनच करा, म्हणजे शहराच्या जुन्या बंदराच्या भागापासून. १७१६ साली बंदर इथे सुरू झालं. धक्क्यावर तासभर तरी बसा, लांबलचक सपाट बार्ज जाताना बघा, घाई अजिबात नको. कोळसा आणि पोलाद, यावरच हे शहर मोठं झालं.

मग ९०३ नंबरची ट्राम पकडून लांडशाफ्ट्सपार्क. १९८५ला बंद पडलेला लोखंडाचा कारखाना, पाडला नाही, पार्क केला, तिकीट नाही! जुन्या गॅसच्या टाकीत पाणी भरून लोक डायव्हिंग करतात, भट्टीवर वरपर्यंत चढता येतं, आणि संध्याकाळी लाइट लागतात तेव्हा तर थांबाच, मला हीच जागा सगळ्यात जास्त आवडते.

वेळ उरला तर साल्वाटोर चर्च. १५६९चा जगाचा नकाशा काढणारा मर्केटर याच गावात राहायचा, १५९४ला इथेच वारला, आणि त्याचं स्मारक या चर्चमध्ये आहे.